झोंबीला मारायचे नाही, जागे करायचे : मुलांसाठी झोंबी-दिवस कसा आखावा

उन्हाळ्याच्या सुट्टीत सोसायटीतल्या किंवा शिबिरातल्या मुलांसाठी झोंबी-दिवस ठेवायचा असे ठरले, की बहुतेक मोठी माणसे आधी रंग, फाटके कपडे आणि प्लास्टिकच्या बंदुका जमवायला लागतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. आधी गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण खेळाचे नियम त्या गोष्टीतूनच निघतात. ज्या हैतीमध्ये झोंबीची कल्पना वाढली, तिथल्या लोककथेत झोंबीला कोणी गोळी घालत नाही. तो बिचारा इच्छाशक्ती हिरावली गेलेला, मुकाट राबणारा माणूस असतो आणि चिमूटभर मीठ जिभेवर पडले की तो जागा होतो. एवढे धरून चालले की शस्त्रांची गरज उरत नाही आणि जीव वाचवण्याच्या गमतीतून मुले खरोखर उपयोगाच्या चार गोष्टी शिकतात.

पुढील मार्गदर्शन असा कार्यक्रम पूर्वी कधीच न घेतलेल्या पालकांसाठी, शिक्षकांसाठी आणि सोसायटीतल्या हौशी काका-काकूंसाठी आहे. आठ ते बारा वयाची वीस-पंचवीस मुले, तीन जबाबदार मोठी माणसे, एक मोकळे मैदान आणि साधारण तीन तास हा हिशेब गृहीत धरला आहे. सहा वर्षांखालील मुलांना या कार्यक्रमात घेऊ नये. भावंडांच्या मागे लागून ती आलीच, तर त्यांना रंगभूषेच्या टेबलावर मदतनीस म्हणून बसवावे.

पहिली पायरी : गोष्ट सांगणे

कॅरिबियन समुद्रातील हिस्पॅनिओला बेटाच्या पश्चिम भागात हैती हा देश आहे. अठराव्या शतकात तिथे फ्रान्सची वसाहत होती आणि आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांना ऊसमळ्यांवर गुलाम म्हणून राबवले जात असे. १७९१ साली या गुलामांनी उठाव केला आणि १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला. तिथल्या लोकसमजुतीनुसार बोकोर नावाचा मांत्रिक माणसाचा आत्मा काढून घेतो, कधी तो बाटलीत कोंडून ठेवतो आणि उरलेले निर्विकार शरीर शेतात कामाला जुंपतो. हा झोंबी कोणाला चावत नाही, कोणाचा मेंदू खात नाही. हैतीतल्या माणसाला भीती वाटते ती झोंबी भेटण्याची नव्हे, तर आपणच झोंबी होण्याची, म्हणजे मेल्यानंतरही गुलामी न सुटण्याची.

मुलांना सांगण्याजोगी सर्वांत चांगली कथा १९२९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रवाशाच्या पुस्तकातून जगभर पोहोचली. त्या वेळी हैती अमेरिकेच्या लष्करी ताब्यात होता. हा ताबा १९१५ ते १९३४ असा टिकला. कथा अशी आहे. साखरेच्या एका मोठ्या कंपनीला ऊसतोडीसाठी मजूर हवे असतात. ति-जोसेफ नावाचा मुकादम फाटक्या कपड्यांतल्या, शून्य नजरेच्या, एका शब्दाने न बोलणाऱ्या मजुरांची रांग घेऊन येतो, त्यांना उन्हात राबवतो आणि त्यांची मजुरी स्वतःच्या खिशात घालतो. त्यांचे जेवण त्याची बायको क्रॉयान्स अळणी शिजवते, कारण मीठ लागले तर ते जागे होतील हे तिला ठाऊक असते. पुढे सणाचा दिवस येतो, नवरा गावाला गेलेला असतो आणि तिला या मुक्या जिवांची दया येते. ती त्यांना मिरवणूक दाखवायला बाजारात नेते आणि गुळाच्या पाकातल्या दाण्यांच्या वड्या विकत घेऊन देते. गोड पदार्थात मीठ कुठून असणार, असे तिला वाटते; पण विकणारीने दाणे पाकात टाकण्यापूर्वी खारवलेले असतात. पहिला घास तोंडात जाताच त्या मजुरांना आपण कोण हे आठवते, ते मोठ्याने आक्रोश करतात आणि वळून आपल्या गावाच्या वाटेला लागतात.

मूळ कथेत ते गावच्या स्मशानात आपापल्या थडग्यांपाशी परततात. दहा वर्षांपुढच्या मुलांना तसेच सांगावे, ती ते समजून घेतात. लहानांसाठी मात्र ते गावाच्या वाटेला लागले इथे थांबले तरी कथेत काही उणे राहत नाही. आपल्या मुलांना ही गोष्ट पटकन भिडते, कारण ऊस, गाळप, मुकादम आणि ऊसतोड मजुरांच्या टोळ्या हे सगळे त्यांनी कोल्हापूर-सांगलीकडे किंवा मराठवाड्यात जाता-येता पाहिलेले असते आणि ती दाण्यांची वडी म्हणजे जवळजवळ आपली शेंगदाण्याची चिक्कीच असते.

गोष्ट सांगताना पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ घेऊ नये. वडी तोंडात जाण्याच्या क्षणी थांबावे आणि "आता काय होईल?" असे विचारावे, उत्तरे इतकी सुटतात की त्यांतली काही मूळ कथेपेक्षा बरी निघतात. एक पथ्य मात्र पाळावे. व्होडू हा हैतीतल्या लाखो लोकांचा धर्म आहे आणि बोकोर हा त्यातला एक बदनाम कोपरा. त्यामुळे टाचण्या टोचलेल्या बाहुल्या, देव्हाऱ्याची नक्कल किंवा मंत्रांची टिंगल यांतले काहीही कार्यक्रमात असू नये.

चावणारा आणि चाव्यातून पसरणारा झोंबी कुठून आला, असे चौकस मूल विचारणारच. तो बराच अलीकडचा आहे. १९६८ सालच्या एका कमी खर्चाच्या अमेरिकन चित्रपटात प्रेते उठून माणसे खाऊ लागली, पुढच्या चित्रपटांनी आणि व्हिडिओ गेमनी ती कल्पना उचलली, आणि २०२२ साली एका मराठी चित्रपटाने हे झोंबी डोंबिवलीत आणून सोडले. हे चित्रपट मुलांना दाखवण्याची या कार्यक्रमात काही गरज नाही.

दुसरी पायरी : झोंबीचे भाऊबंद

उठून चालणारी प्रेते अनेक संस्कृतींत आढळतात आणि त्यांना थोपवण्याच्या युक्त्या त्यांच्या रूपापेक्षा जास्त मजेदार आहेत. चीनमधले च्यांगशी हे ताठरलेले प्रेत गुडघे वाकवता येत नसल्याने दोन्ही पायांवर उड्या मारत येते आणि श्वासावरून माणूस ओळखते, म्हणून श्वास रोखून उभे राहिले की ते जवळून निघून जाते. तिबेटमधल्या रोलांगला कमरेत वाकता येत नाही. तिथल्या जुन्या घरांचे दरवाजे ठेंगणे ठेवण्यामागे रोलांगने आत येऊ नये हे कारण सांगितले जाते.

आपल्याकडे वेताळ आहेच. विक्रम राजा झाडावरून जे खांद्यावर घेतो ते प्रेत असते आणि त्यात शिरलेला वेताळ गोष्ट सांगतो. पण वेताळाला झोंबी म्हणण्याची घाई करू नये. झोंबीजवळ ना मन असते ना वाणी, उलट वेताळ राजालाही न्यायाच्या पेचात पकडण्याइतका हुशार असतो. शिवाय कोकणात आणि गोव्यात वेताळ हा गावराखण करणारा देव आहे. काणकोण तालुक्यातील लोलये येथे त्याची उघड्यावर उभी असलेली भव्य पाषाणमूर्ती आहे. तेव्हा मुलांना वेताळ व्हायचे असेल, तर त्याला कोडी घालण्याचे काम द्यावे.

तिसरी पायरी : "खरंच असतात का?"

या प्रश्नाला "नाही" असे स्पष्ट आणि ताबडतोब उत्तर द्यावे. गंमत म्हणून "कोण जाणे" म्हणणारा काका रात्री दहा वाजता पालकांचे फोन घेत बसतो. नुसत्या नकाराने मुलांचे समाधान होत नाही, म्हणून त्यापाठोपाठ खरी माहिती पुरवावी, आणि ती पुरेशी विचित्र आहे. १९९७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात हैतीमध्ये झोंबी समजल्या गेलेल्या तीन व्यक्तींच्या तपासणीचा अहवाल छापून आला. त्यांच्यापैकी कोणाला गंभीर मानसिक आजार होता, कोणाला मेंदूची इजा आणि अपस्मार, तर कोणाला जन्मापासूनची बौद्धिक अक्षमता. हरवलेला आप्त परत आला असे समजून घरच्यांनी परक्यालाच जवळ केले असल्याचेही तपासात दिसले. यातूनच कार्यक्रमाचा एक नियम ठरतो : वस्तीतल्या कोणत्याही खऱ्या माणसाला, त्याच्या चालण्याला किंवा बोलण्याला झोंबी म्हणायचे नाही आणि त्याची नक्कल करायची नाही.

त्यानंतर किड्यांकडे वळावे, कारण शरीर एकाचे आणि ताबा दुसऱ्याचा हा प्रकार निसर्गात खरोखर घडतो. ओफिओकॉर्डिसेप्स नावाची बुरशी पावसाळी जंगलातल्या सुतार मुंगीच्या शरीरात वाढते. बाधा झालेली मुंगी वारूळ सोडून झुडपावर चढते, जमिनीपासून वीत-सव्वा वीत उंचीवर पानाच्या शिरेला जबडा रोवते आणि तिथेच मरते. मग तिच्या डोक्यातून बुरशीचा देठ फुटतो आणि बीजाणू खालच्या मुंग्यांवर पडतात. दुसरे उदाहरण भारतातही सापडणाऱ्या हिरव्या-निळ्या चकचकीत झुरळमार गांधीलमाशीचे आहे. ती झुरळाच्या मेंदूत नेमक्या जागी नांगी टोचते. झुरळ लुळे पडत नाही, चालू शकते, पण स्वतःहून पळण्याची इच्छा त्याच्यात उरत नाही. मग ती त्याची मिशी धरून त्याला आपल्या बिळात घेऊन जाते आणि त्याच्या अंगावर अंडे घालते. हे ऐकून मुली किंचाळतात आणि मुलगे खोटे धाडस दाखवतात असा समज आहे. प्रत्यक्षात सगळेच "परत सांगा" म्हणतात. ही बुरशी किंवा ही माशी माणसाचे काहीही बिघडवू शकत नाही, हे वाक्य शेवटी न विसरता जोडावे.

चौथी पायरी : रंगभूषा

महागडे फेस पेंट आणण्याची गरज नाही आणि होळीचे उरलेले रंग तर अजिबात वापरू नयेत. मुलतानी माती सर्वांत उपयोगी पडते. दोन चमचे मातीत गुलाबपाणी किंवा साधे पाणी घालून इडलीच्या पिठाइतपत दाट लेप करावा आणि डोळे, ओठ व नाकपुड्या टाळून कपाळावर आणि गालांवर थापावा. पंख्याखाली दहा-बारा मिनिटांत तो पांढरट होऊ लागतो आणि मग मुलाला मोठ्याने हसायला सांगावे. तोंडाच्या दोन्ही बाजूंनी भेगा फुटत जातात, एखादी खपली सुटून लोंबते आणि आरशासमोर रांग लागते. डोळ्यांखालची काळी वर्तुळे काजळाने, बोट टेकवून पसरवावीत. बीट किसून पिळलेला रस थोड्या मधात आणि कॉर्नफ्लोअरमध्ये कालवला की रक्तासारखा दिसतो, पण कपड्यांवरचा डाग निघत नाही, हे पालकांना आधीच कळवावे.

प्रत्येक मुलाच्या मनगटाच्या आतल्या बाजूला आदल्या दिवशी थोडा लेप लावून पाहावा. खाज किंवा लाली आली, तर त्या मुलाने रंगाविना खेळावे. डिंक आणि फेविकॉल त्वचेला लावू नयेत, एकाचा काजळाचा डबा सगळ्यांना फिरवू नये. ज्याला रंग नको असेल त्याला आग्रह करू नये.

पाचवी पायरी : खेळ

हा खेळ विष-अमृत आणि डबा ऐसपैस या दोन घरच्या खेळांचा जोड आहे, त्यामुळे नियम सांगण्यात वेळ जात नाही. मैदानाच्या एका टोकाला चुन्याने मोठे रिंगण आखून त्याला "गाव" म्हणावे. दुसऱ्या टोकाला लहान रिंगण आखून त्यात प्लास्टिकची रिकामी बाटली उभी करावी आणि तिच्याजवळ बोकोर झालेले एक मोठे माणूस उभे राहावे. बोकोराने आपल्या रिंगणाबाहेर यायचे नसते. सुरुवातीला दोन मुलांवर राज्य असते आणि तीच पहिले झोंबी. झोंबीने फक्त चालायचे, धावायचे नाही, गुडघे ताठ ठेवायचे आणि समोरच्याच्या खांद्याला किंवा पाठीला हलका हात लावायचा. हात लागला की खेळाडूही झोंबी होतो.

ज्यांच्या दंडाला पिवळी फीत बांधली आहे ती दोन मुले मीठवाली. प्रत्येकाजवळ मिठाच्या तीन पुड्या असतात. वर्तमानपत्राच्या कागदाच्या, वाण्याकडे पूर्वी मिळत तशा पुड्या मुलांनीच आदल्या दिवशी बांधाव्यात. मीठवाल्याने झोंबीच्या तळहातावर पुडी ठेवून "जागा हो!" म्हटले की झोंबीने गावात जायचे, वीस अंक मोजायचे आणि माणूस म्हणून परत खेळायला यायचे. मीठवाल्यालाच झोंबीचा हात लागला, तर उरलेल्या पुड्या तिथेच जमिनीवर ठेवायच्या, त्या कोणीही उचलू शकतो. पुडीतले मीठ खायचे नाही, डोळ्यांजवळ न्यायचे नाही.

आता बाटली. तिच्यात सगळ्यांचे आत्मे कोंडलेले आहेत. कोणी माणूस बोकोराचा हात लागू न देता बाटली उचलून "ऐसपैस!" ओरडला, की सगळे झोंबी एकदम मोकळे होतात आणि डाव संपतो. सगळेच झोंबी झाले तर बोकोर जिंकला. डाव दहा मिनिटांपेक्षा लांबला तर शिट्टी वाजवून मोडावा आणि बोकोर बदलावा. आजोबा-आजींना बोकोर करून पाहावे. रिंगणात उभे राहून दरडावणे एवढेच काम असते आणि ते त्यांना उत्तम जमते.

झोंबीने चालायचे हा नियम काही आयोजकांना बेचव वाटतो, पण तोच हा खेळ सुरक्षित ठेवतो, कारण पळणारे आणि चालणारे यांच्या टकरी फारशा होत नाहीत आणि कमी पळणाऱ्या मुलालाही झोंबी म्हणून तितकीच मजा येते. "टाइम प्लीज" हा शब्द अबाधित ठेवावा. घाबरलेले, धडपडलेले किंवा नुसते दमलेले मूल तो उच्चारून कधीही बाहेर बसू शकते आणि त्याला कारण विचारायचे नाही. काठी, दोरी, खेळण्यातली बंदूक यांतले काहीही मैदानात आणू द्यायचे नाही, कारण झोंबीला इजा करायची नसून त्याला जागे करायचे आहे, हे मुलांना गोष्टीमुळे आधीच पटलेले असते.

मैदान आदल्या दिवशी पायी फिरून पाहावे. उघडी गटारे, विहीर, उभ्या गाड्या, तुटक्या फरशा आणि काचा यांची नोंद घ्यावी. एप्रिल-मे महिन्यांत खेळ सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी साडेपाचनंतरच घ्यावा, विदर्भात तर सकाळचाच. वॉचमन, शेजारी आणि विशेषतः एकटे राहणारे वृद्ध यांना आदल्या दिवशी सांगून ठेवावे.

पहिल्या दोन डावांनंतर पाणी प्यायला बसल्यावर थोडे गणित करावे. एक झोंबी आहे आणि प्रत्येक झोंबी दर मिनिटाला एकाला पकडतो असे धरले, तर झोंबींची संख्या १, २, ४, ८, १६, ३२ अशी वाढते, म्हणजे पंचवीस मुले पाच मिनिटांच्या आत संपतात. ताटात शेंगदाणे मांडून मुलांनीच हे करून पाहावे. मग मीठ तिसऱ्या मिनिटाला वापरले तर काय होते आणि चौथ्याला वापरले तर काय, हे विचारावे. मुलांना आपोआप कळते की पुड्या शेवटपर्यंत जपून ठेवणारा मीठवाला हरतो. कॅनडातल्या काही गणितज्ञांनी २००९ साली साथरोगांची समीकरणे झोंबींना लावली, तेव्हा त्यांनाही लवकर आणि जोमाने उपाय केल्याशिवाय माणसांचा निभाव लागत नाही असेच दिसले.

सहावी पायरी : पिशवी

मे २०११ मध्ये अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, झोंबींचा हल्ला झाला तर काय तयारी हवी असा लेख संकेतस्थळावर टाकला आणि वाचकांच्या गर्दीने ते संकेतस्थळच कोलमडले. त्या लेखातली यादी वादळ किंवा भूकंपासाठी जी देतात तीच होती; झोंबी हे निमित्त. आपल्याकडे निमित्ताचीही गरज पडू नये. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा माणसे झोपेत होती, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात कित्येक घरे दिवसेंदिवस पाण्यात होती.

प्रत्येक मुलाने घरून रिकामी दप्तरपिशवी आणावी आणि मैदानात मांडलेल्या वस्तूंतून आपली पिशवी भरावी. अट एकच : भरलेली पिशवी मुलाच्या वजनाच्या एकदशांशापेक्षा जड नको. शाळेच्या दप्तरासाठी २०२० च्या राष्ट्रीय धोरणात हेच प्रमाण सांगितले आहे. तीस किलोच्या मुलाला तीन किलो मिळतात, त्यांतला एक किलो एका लिटर पाण्यातच जातो आणि मग उरलेल्या दोन किलोंवर भांडण जुंपते. वस्तू मुद्दाम जास्त मांडाव्यात : टॉर्च आणि वेगळे ठेवलेले सेल, शिट्टी, पंचा, चिक्की, भडंग, बिस्किटे, साबण, पट्टी आणि कापूस, पावसाळी जर्किन, प्लास्टिकची जाड पिशवी, दोरीचे भेंडोळे, शिवाय क्रिकेटची बॅट, टॅब्लेट, गोष्टींचे जाडजूड पुस्तक आणि आवडता टेडी. वजनाचा काटा जवळ ठेवावा आणि मोठ्यांनी मध्ये पडू नये. टेडी घेतला म्हणून हसू नये. पूरनिवाऱ्यातल्या पहिल्या रात्री लहान मुलाला त्याचा आधार वाटतो.

पिशवीत एक कागद सगळ्यांनी ठेवायचा आहे. त्यावर मुलाचे नाव, रक्तगट, घेत असलेली औषधे आणि गावाबाहेरच्या एका नातेवाइकासह तीन फोन क्रमांक लिहून तो प्लास्टिकमध्ये बंद करावा. घरासाठी पाण्याचा हिशेब वेगळा : सीडीसीच्या यादीत माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे जवळजवळ चार लिटर धरले आहेत, म्हणून चौघांच्या कुटुंबाला तीन दिवसांसाठी ४८ लिटर, अर्थात वीस लिटरचे तीन जार लागतात.

सातवी पायरी : हाताला काही शिकवणे

इथे चारच कौशल्ये घ्यावीत, कारण एका बैठकीत त्याहून जास्त टिकत नाहीत. पहिले मीठ-साखर-पाण्याचे. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि सपाट म्हणजे वरचे सुरीने निपटून काढलेले. जुलाब-उलट्यांत शरीरातून जाणारे पाणी आणि क्षार यामुळे भरून निघतात, कारण साखरेसोबत मीठ आणि पाणी आतड्यातून अधिक चांगले शोषले जाते. मीठ वाढले तर तेच पाणी अपाय करते, म्हणून मुलांनी चव घेऊन पाहावी : ते अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. पाणी स्वच्छ नसेल तर फडक्याने गाळून, खळखळ उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट उकळू द्यावे. उकळण्याचे काम मोठ्यांचे.

दुसरे कौशल्य हरवल्यावर काय करायचे याचे. हरवलेल्या मुलाने चालत राहू नये. जिथे आहे तिथेच, एखाद्या झाडाशी किंवा खांबाशी, दिसेल असे थांबावे आणि थोड्या थोड्या वेळाने तीन शिट्ट्या द्याव्यात. याचा सराव मैदानाच्या कोपऱ्यात मुलांना एकेक करून लपवून आणि इतरांना नुसत्या आवाजावरून शोधायला लावून घेता येतो. याच वेळी आपत्कालीन क्रमांक ११२, महाराष्ट्रातील रुग्णवाहिकेचा १०८ आणि मुलांच्या मदतीचा १०९८ पाठ करून घ्यावेत. फोनवर आधी "मी कुठे आहे" ते सांगायचे, मग काय झाले ते, आणि पलीकडच्या माणसाने सांगेपर्यंत फोन ठेवायचा नाही. एका मुलाला कंट्रोल रूम करून हे संवाद खेळावेत.

तिसरे, रक्त आणि भाजणे. वाहत्या जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरायचे आणि सारखे उचलून पाहायचे नाही. घोळणा फुटला तर मान मागे टाकायची नाही, पुढे वाकून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटे चिमटीत धरायचा. भाजले तर वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे धरायचे, टूथपेस्ट किंवा हळद लावायची नाही. बिटाचे रक्त आधीच तयार असल्याने सरावाला रंगत येते.

चौथे दिशांचे. सकाळी उघड्या जागेवर हातभर काठी उभी रोवून तिच्या सावलीच्या टोकाशी खडा ठेवावा. वीस मिनिटांनी सावली सरकते, तिथे दुसरा खडा ठेवावा. पहिल्या खड्याकडून दुसऱ्याकडे जाणारी रेषा साधारण पश्चिमेकडून पूर्वेकडे जाते. कार्यक्रम संध्याकाळचा असेल तर मे महिन्यात उत्तरेला वर आलेले सप्तर्षी दाखवावेत, त्यांच्या चौकोनाच्या पुढच्या दोन ताऱ्यांना जोडणारी रेषा ध्रुवाकडे नेते. पुण्या-मुंबईतून ध्रुव क्षितिजापासून सुमारे १८-१९ अंशांवर असतो, म्हणजे हात लांब करून धरलेल्या दोन मुठींच्या जेमतेम आत. पहिल्या प्रयत्नात तो मंद वाटतो आणि मुले दुसऱ्याच चकचकीत ताऱ्याला ध्रुव म्हणतात, तेव्हा मुठी मोजायला लावाव्यात.

शेवटची पायरी : चेहरा धुणे आणि घरचा अभ्यास

सोहळा संपल्यावर रंग मैदानातच, सगळ्यांनी मिळून धुवावा. मुलतानी माती खरवडायची नाही, ओल्या पंच्याने भिजवून सुटू द्यायची. झोंबी झालेल्या मित्राचा ओळखीचा चेहरा डोळ्यांसमोर परत निघालेला पाहणे लहानांची भीती घालवायला फार उपयोगी पडते. मग चिक्की वाटावी. शेंगदाण्याची ॲलर्जी कोणाला आहे हे नाव नोंदवतानाच विचारून ठेवावे आणि त्या मुलासाठी तिळाची किंवा राजगिऱ्याची वडी आणावी, अर्थात तिळाचीही ॲलर्जी नाही ना हे विचारूनच.

घरी जाताना प्रत्येकाला एक काम द्यावे : घराचा नकाशा काढायचा, त्यावर बाहेर पडण्याच्या दोन वाटा दाखवायच्या आणि घरच्यांनी भेटायची दोन ठिकाणे ठरवायची, एक इमारतीच्या अगदी बाहेर, जसे वॉचमनची केबिन किंवा कोपऱ्यावरचा पिंपळाचा पार, आणि एक वस्तीबाहेर, जसे आत्याचे घर किंवा शाळा. पालकांना निरोप पाठवताना दोन गोष्टी लिहाव्यात. रात्री मूल घाबरले तर "काही नसते, झोप" म्हणून दटावण्याऐवजी ती गोष्ट त्यालाच आपल्याला सांगायला लावावी, कारण जागे होण्याच्या प्रसंगापर्यंत पोहोचले की ते स्वतःच निवळते. आणि भरलेली पिशवी रिकामी करू नये. ती दारामागे अडकवावी, जूनमध्ये पाऊस सुरू होण्यापूर्वी आणि दिवाळीच्या साफसफाईत उघडून खाऊ व पाणी बदलावे, वाढत्या अंगाला कपडे होतात का ते पाहावे, आणि सेल टॉर्चमध्ये न घालता वेगळ्या पिशवीत ठेवावेत, नाहीतर ते गळून टॉर्चच निकामी होतो.